तीन पुस्तके आणि पत्रिकांचे पोते

मी, मंजुश्री दयानंद बिराजदार, वय चौसष्ट, व्यवसाय लग्नपत्रिका रेखाटणे, राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. मला राग आलेला आहे. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर भावाचा मुलगा हरिओम याला. त्याला मी कडेवर वाढवले. घराबाबत मन बदलणार नाही.

२. ग्राफिक डिझायनरने करिअर कसे करावे हे शिकवणारी तीन इंग्रजी पुस्तकेही त्यालाच परत. पुण्याहून त्यानेच आणली होती. नांदेडच्या कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे मी तिन्ही पूर्ण वाचली. एकात लिहिले आहे : उत्तम दहा कामे ठेवा, बाकीची काढून टाका. मोतीबिंदूसाठी मी नांदेडला असताना हरिओमने तेच केले. हाताने काढलेल्या पत्रिकांचे चाळीस वर्षांचे नमुने भंगारात दिले आणि दहा सुबक पत्रिका फ्रेम करून भिंतीवर लावल्या. "आत्या, जुनं सगळं बघून गिऱ्हाईक पळतं," म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा ग्यानोबा आला. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याची आई गेली, घर गेले. "बाई, मायचा फोटो न्हाई. ताईच्या लग्नाच्या पत्रिकेत मायचं नाव तुम्हीच काढलं होतं. येकडाव दाखवा." मी चहा केला. दाखवायला काही नव्हते.

या पुस्तकांचे लेखक कधी कोणाच्या आईचे नाव काढायला बसले होते का, असे मी समासात विचारले आहे. असे शेरे पानोपानी आहेत. हरिओमने सर्व वाचावेत.

३. निबा, ब्रश आणि सुंदर अक्षरासाठी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी बक्षीस दिलेली पितळी पट्टी धम्मप्रिया वाघमारे हिला. ती अकरा वर्षे माझ्या हाताखाली आहे. भंगाराच्या गोदामात दोन दिवस उकरून तिने एक पोते परत आणले.

४. ते पोतेही तिचेच. ग्यानोबाच्या ताईची पत्रिका त्यात सापडली नाही. दुसऱ्या कोणाची असेल, आणि ते विचारत येतील. काही पत्रिका वाईट आहेत. एकीत गणपतीची सोंड बिघडली आहे. तरी त्यांतून कोणीही निवड करू नये.

५. ग्यानोबाला साक्षीसाठी बोलावले, तेव्हा त्याच्या आईचे नाव मी खाली पुन्हा काढले. "कोर्टात चालंल का, बाई?" त्याने विचारले. चालेल, म्हणाले. मग त्याने त्याखाली सही केली.

सही : मंजुश्री दयानंद बिराजदार

साक्षीदार :
१. उमादेवी चन्नबसप्पा स्वामी (सही)
२. धुरपताबाई यांचा मुलगा
ग्यानोबा सूर्यवंशी (सही)

लातूर, १७ नोव्हेंबर २०२५