अवधाण

गोहलपूर, जबलपूर
४ फेब्रुवारी २०२४

आदरणीय कलावती आत्यास यशोधराचा सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर बोलले तर बाबा ऐकतात, म्हणून पत्र. त्यांची लघवीची पिशवी कॅन्सरमुळे काढायची ठरलं, ते तयारही झाले. तपासणीत आजार पिशवीबाहेर गेलेला दिसला नव्हता. पण डॉक्टर हिंदीत म्हणाले की सोबत आसपासच्या ‘गांठें’ही काढणार. मी ते मराठीत सांगितलं, गाठीही काढतील. ऐकताच बाबा भिंतीकडे वळले. आपल्या घरात गाठ म्हणजे आईच्या छातीतली गाठ, तिला घेऊन गेली ती. मी ग्रंथी म्हटलं, चित्र काढून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "गाठीच गाठी आहेत, तर मले काहून चिरता?" आता सही करत नाहीत. १९ तारखेला ऑपरेशन आहे, आणि लांबवणं धोक्याचं आहे. काहीतरी सुचवा.

तुमची
यशोधरा

उमरेड
९ फेब्रुवारी

चि. यशोधरास आत्याचे आशीर्वाद.

घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, पण मराठी शिकवायची आम्हीच विसरलो. मोतीरामजवळ गाठ म्हणू नको, अवधाण म्हण. लहानपणी त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय पिकला, तर जांघेत गोळा आला. रडून राहिला होता. माय म्हणे, हे अवधाण, पायातलं विष वर जाऊ नये म्हणून पहारा देते. काटा निघाला, अवधाण बसलं. हे तेच का, ते आधी डॉक्टरांना विचार. अन् जेवत जा, फोटोत काडी दिसतेस.

तुझी आत्या

जबलपूर
३ मार्च

आदरणीय आत्यास सविनय जयभीम.

डॉक्टर म्हणाले, जात तीच, फक्त या पोटाच्या आतल्या. आजार पिशवीतून निघाला तर बहुधा आधी तिथे जातो, म्हणून काढून तपासतात. ‘अवधाण’ ऐकताच बाबांनी नकळत जांघ चाचपली. मग काट्याची गोष्ट मलाच सांगितली. त्यांच्या गोष्टीत काटा वाटेत तुम्ही टाकला होता. त्यांनी सही केली.

ऑपरेशन झालं. लघवी आता पोटावर लावलेल्या पिशवीत येते. ती मी बदलते तेव्हा ते लाजतात, मी पंख्याकडे बघते.

काल रिपोर्ट आला. दोन ग्रंथींत कॅन्सर निघाला. केमो लागेल, पुढचं डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. मी लपवलं नाही. दोन अवधाणांत आजार सापडला, असं सरळ सांगितलं. बाबांनी पोटावर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे पहाऱ्यावर होती ती."

आत्या, केमोच्या आधी तुम्ही या. आमच्यावरची माया अशीच राहू द्या.

तुमची
यशोधरा