लिफ्टचा रुसवा आणि सोमवारचा पेपर

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी कंबर आता वाकू देते का? दाजींचा खोकला कसा आहे? (मी बरा आहे, कोणी विचारत नाही म्हणून आपणच सांगतो.)

तू फोनवर शिकवलेले अलंकार पाठ झाले, पण नुसत्या घोकंपट्टीने डोक्यात शिरेनात, म्हणून कामावर सराव सुरू केला. लिफ्ट दुरुस्तीच्या अहवालात चेतनगुणोक्ती घातली : 'लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर रुसते.' (निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती, हे तूच सांगितलेस, पुढची जबाबदारीही तुझीच.) साहेबांनी सगळ्यांसमोर विचारले, "रुसते? मग समजूत काढायला कुणाला पाठवू, तुझ्या सासूबाईंना?" दुसऱ्या दिवशी अतिशयोक्ती केली : 'दार उघडेपर्यंत माणूस म्हातारा होतो.' त्यावर लेखी ताकीद मिळाली. तीत एकही अलंकार नव्हता. माझी सुपरवायझरची जागा भाषेच्या एका पेपरावर अडलेली, आणि मी त्याच भाषेपायी हातची नोकरी घालवायला निघालो होतो.

पण ती लिफ्ट काही सुधरेना. दोघा मिस्त्रींनी दाराचा स्विच तीनदा बदलला. मला आवाज ऐकू येत होता, पण त्याला आमच्या धंद्यात नाव नाही. शेवटी घाबरत घाबरत लिहिले : 'गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या आजोबांसारखी लिफ्ट आधी कण्हते, जागीच थांबते, मग एकदम उठते.' मोठ्या इंजिनिअरांनी वाचले आणि खुर्चीतूनच म्हणाले, "अहो, ब्रेक उशिरा सुटतोय!" तपासले तर दोष तोच निघाला. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं, उपमा चालेल. रुसवेफुगवे नकोत." ताई, उपमा म्हणजे पुस्तकातली नक्षी असे मला वाटायचे. ती तर माझ्या पेटीतला पाना निघाली. (हे बहुधा रूपक झाले. तपासून सांग.)

दाजींना नमस्कार, भाच्यांना धपाटे.

तुझा धाकटा

ता. क. : पेपर सोमवारी आहे. मागे दोनदा नापास झालो असे तुला सांगितले होते. झालो नाही. दोन्ही वेळा परीक्षेच्या फाटकावरून परत आलो. वीस वर्षे दोरावर लटकून काम करतो, पण तिथे पाय उचलत नाहीत. या वेळी मात्र आत जावेसे वाटते आहे. फाटकापर्यंत येशील? नुसती मागे उभी राहा. हात धरू नकोस, लोक बघतात.

आणखी एक ता. क. : धरलास तरी चालेल.