बटणावरची चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ

कॉम्प्युटरचं अपडेट तीन आठवडे अर्ध्यावर येऊन मागे फिरत होतं. सुमन केर काढताना भिंतीवरचं बटण बंद करते, हे मी ठरवूनच टाकलेलं. दोनदा ओरडलो, एकदा तर तिच्या माहेरच्यांसमोर. त्यानंतर तिनं बटणावर चिठ्ठी चिकटवली. मी वाचलीसुद्धा नाही.

आज सातपूरहून दुरुस्तीवाला आला. म्हणाला, "काका, बटणाचा काही संबंध नाही. डिस्कमध्ये जागाच नाहीये, जुन्या मॅचच्या व्हिडिओंनी भरलीय." ते व्हिडिओ माझेच. सुमन चहा घेऊन उभी होती, त्याला कप देऊन आत गेली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

व्हिडिओ काढले, अपडेट झालं. मग चिठ्ठी काढायला गेलो. घरात आम्ही दोघंच, मग ती कोणासाठी होती?

चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: "सुमन, हात लावायचा नाही."