माणिकरावांचे सतरा पुरावे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०
दात घासता घासता प्रोग्रॅम सुरू केला. आता तो जिल्ह्यातली सगळी न्यूज पोर्टल्स आणि फेसबुक पेजेस अखंड वाचणार आणि आपला आपण शिकणार. कोण, कुठला, हयात की मयत. नियम माझाच: गोष्ट जितक्या ठिकाणी सापडेल तितकी खरी.
रविवारी शेलूबाजारच्या पतसंस्थेत डेमो. सभासदांपैकी कोण आहे, कोण गेले, संस्थेला माहीत नाही. मशीनने सांगितले तर कॉम्प्युटरची नोकरी माझी. अध्यक्ष माणिकरावांचा शब्द आहे. आई गावभर सांगून मोकळी झाली.

४ नोव्हेंबर
फॅक्ट २,३१०. सीपीयू तापतो म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. आई म्हणे, मी चुलीपाशी घामेजून राह्यली अन् तू डब्याले वारा घालतं. फॅन तसाच ठेवला. संशोधकाने वाद टाळावा.

६ नोव्हेंबर
फॅक्ट ६,०४८. गावातल्या एकतीस जणांचा वाढदिवस १९ ऑक्टोबर निघाला. चुलतभाऊ गोलू म्हणे, अबे, थो एकट्या सतीशभाऊचा हाय, आमी पोस्टच्या खाली शुभेच्छुक हावो. किरकोळ. पतसंस्थेला वाढदिवस लागत नाहीत. तरी उद्या दुरुस्त करतो.

७ नोव्हेंबर
लाइन नव्हती. शिवाय नियम बदलला तर सगळे पुन्हा वाचावे लागेल. रविवारनंतर.

८ नोव्हेंबर
मयत सभासदांची यादी छापली. २१४ नावे. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासले. एकही चूक नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.३५
माणिकराव म्हणाले, माह्यच नाव टाक. टाकले. मयत. पुरावे सतरा, खात्री ९९ टक्के.
तालुक्यात कोणीही वारले की श्रद्धांजलीच्या पोस्टखाली शोकाकुल म्हणून त्यांचे नाव असतेच. मशीनने पोस्टमधली सगळी नावे मयत धरली.
म्हणाले, मंग तुह्यासमोर बसेल हाय थो कोन? मी शांतपणे सांगितले, साहेब, तुम्ही हयात असल्याचे एका तरी ठिकाणी छापून यायला हवे होते. ते म्हणाले, लेका, जित्या मानसाची बातमी कोनी छापते काय?
कोणी हसले नाही. यादी मात्र त्यांनी ठेवून घेतली. चांगले लक्षण.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सायंकाळी ६.४०
पतसंस्थेचे काम मिळाले. कॉम्प्युटरचे नाही, त्याचे नंतर पाहू म्हणाले. यादी घेऊन २१४ घरी जायचे आणि माणूस आहे का विचारायचे. पेट्रोल मिळेल.
आज नऊ घरे झाली. आठ जणांनी स्वतः दार उघडले. नववे शेतात गेले होते.