अंधाऱ्या खोलीचं दार

वर्धा, ८ जानेवारी १९८३

ती. अण्णांना पद्माचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, असं रीत म्हणून लिहिते. खरं तर कालपासून संतापानं घास उतरलेला नाही.

फोटोग्राफीच्या परीक्षेसाठी मागच्या रविवारी अल्लीपूरला येऊन मी आईचे छत्तीस फोटो काढले. पहिले दहा तिच्या पदर सारखा करण्यातच गेले. शेवटी कापूस वेचता वेचता ती एकदाची हसली. जन्मात पहिल्यांदा तिचा फोटो निघत होता. काल कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत तो रोल धुवायला घेतला. रोल डब्यात बंद होईपर्यंत उजेडाची तिरीपही चालत नाही. आतली कडी सकाळीच कुणी काढून नेली होती, म्हणून मी बाहेर पाटी लावली. तरी मुलींवर देखरेख ठेवणाऱ्या सुलोचनाबाईंनी दार सताड उघडलं. सगळा रोल काळा पडला.

वर त्या म्हणतात, एका पालकाचं पत्र आलंय, दर दहा मिनिटांनी मुलींना पाहून यायचं. मुलं आत असताना कुणी दार उघडत नाही. प्राचार्य पालकाचं नाव सांगत नाहीत. तीस तारखेच्या आत फोटो दिले नाहीत तर माझं वर्ष जाईल.

अण्णा, गावभराचे अर्ज तुम्ही लिहून देता. प्राचार्यांना एक कडक पत्र लिहा. पोरींच्या शिक्षणाचं वाटोळं केलं, हे त्या शहाण्या पालकाला कळू दे.

तुमची लाडकी,
पद्मा

अल्लीपूर, १२ जानेवारी १९८३

चि. पद्मास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. वाचून वाईट वाटले. तथापि प्राचार्यांना कडक लिहिणे मला बरे दिसत नाही. त्या पालकाचा हेतू वाईट नसावा. आपला हिरालाल दुकानदार चार माणसांत विचारतो की पोरगी अंधाऱ्या खोलीत दार लावून काय शिकते, तेव्हा बापाची मान खाली जाते. फोटो उजेडात काढतात, मग धुवायला अंधार कशाला, हे खेड्यातल्या माणसाला कोण सांगणार? जेवणखाण सांभाळून असावे.

तुझे अण्णा

ता. क. पद्मे, मीच पोस्टात टाकतो मणून त्यायच्याजवळून कागद मागून घेतला अन् उरल्या जागेत लिवून राह्यली. तो पालक तुहाच बाप आहे. त्यायनंच मले काल सांगतलं. मी दोन घंटे उन्हात बसलती. माहा जलमातला एकच फोटो, तो त्यायनं बुडवला. मी त्यायच्यासंग बोलत नाई. तू अखीन येजो, मी अखीन बसीन. पण त्यायले सोडू नोको.

तुही आई भागीरथा

वर्धा, १६ जानेवारी १९८३

ती. अण्णांना नमस्कार. साष्टांग आज लिहवत नाही.

आईनं सगळं कळवलं. माझ्यावर पहारा बसवलात तुम्ही, आणि त्या माणसाची कानउघाडणी करा म्हणून मी तुम्हालाच विनवत होते. हिरालालला चार शब्द सुनावायचे सोडून माझ्या दाराची कडी काढवलीत. अंधार कशाला, हे कोण सांगणार म्हणता. मी सांगितलं असतं. दोन वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

येत्या रविवारी आईचे फोटो काढायला येते. सोमवारी पहिल्या एसटीनं माझ्याबरोबर चला. तुमच्यामुळे दार उघडलं, आता ते बंद ठेवायचं कामही तुमचंच. नुसत्या पत्रानं भागणार नाही.

पद्मा

वर्धा, २५ जानेवारी १९८३

ती. आईला पद्माचा शि. सा. न. वि. वि.

काल अण्णा तासभर दारापाशी स्टुलावर बसले. सुलोचनाबाई आल्या, तर आडवा पाय घालून त्यांनी सांगितलं की आत माही पोरगी काम करून राह्यली, उजेड चालत नाई, मंग या. प्राचार्य आले, त्यांनाही तेच ऐकवलं. नंतर आपलं पत्र परत मागून त्यांच्यादेखत फाडलं. आज कडी बसली.

तरी माझा राग गेलेला नाही. फोटो बघू का, असं त्यांनी जाताना विचारलं. तो आईचा आहे, तिला विचारा, म्हटलं. ते बसस्टँडकडे निघाले.

फोटो चांगला आलाय. मुद्दामच त्यांच्या हाती दिला नाही, पोस्टानं पाठवते आहे. लखोट्यावर तुझं नाव आहे. आपल्या घरी तुझ्या नावानं आलेलं हे पहिलंच पत्र. त्यांना दाखवायचा की नाही, ते तू ठरव.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी पद्मा