खाटेवर बसणाऱ्या मावशी

३ तारीख, सोमवार, सकाळ
आजपासून कडक तपासणी. हिला या शुश्रूषा केंद्रात ठेवून तीन महिने झाले. पंधरा दिवसांपुरतं, असं मीच म्हणालो होतो. कंबरेचं हाड मोडलेलं, माझ्याने हिला उचलवत नव्हतं, इलाज नव्हता. (हे वाक्य रोज लिहायचं नाही असं ठरलं होतं.) घरी नेता येत नाही, तर निदान व्यवस्था चोख आहे का ते बघावं. नवी वही आणली. गुण शंभरपैकी.

दुपार
स्वच्छता वीसपैकी अठरा. मॅनेजरबाई नम्र, पण खुर्चीतून उठत नाहीत. दहापैकी नऊ. व्हरांड्याबाहेर एक झाड आहे. चौथीत पाठ केलेली कविता आठवत उभा राहिलो. शेवटचं कडवं आठवेपर्यंत भेटीची वेळ संपली. हिच्याशी बोलणं राहिलं. उद्या नक्की.

५, बुधवार
सापडलं. हिच्या खोलीत नेमलेल्या मावशी ड्युटी सोडून चक्क खाटेवर बसतात. दाराआड उभं राहून घड्याळ लावलं. बावीस मिनिटं. आजी, दोन घास घ्या, नाहीतर मीपण उपाशी राहीन, असं काहीतरी चाललं होतं. ही खो खो हसत होती. घरी अशी हसल्याचं मला तरी स्मरत नाही. व्यवस्थापन ढिलं. शून्य.
सूचनापेटीत निनावी तक्रार टाकली. भाषा संयत. शेवटी कर्तव्यावर चार ओळी, स्वरचित.

१०, सोमवार
दखल घेतली. मावशींची बदली वरच्या मजल्यावर. नव्या बाई चपळ. बसत नाहीत, बोलत नाहीत. वीसपैकी वीस. लेखणीत अजून धार आहे म्हणायची.

१२, बुधवार
ही जेवत नाही. भूक नाही म्हणते. वरून मलाच म्हणाली, अहो, मावशींची तक्रार कुणी केली बघा ना जरा, तुमचं इथे वजन आहे. चौकशी करतो म्हणालो.
हे खोटं नाही. फक्त चौकशी लवकर संपेल.

१४, शुक्रवार
मॅनेजरबाईंकडे सहज विषय काढला. म्हणाल्या, काका, तीस पेशंटना तिघीजणी आहेत, बसायला वेळ कुणाला? त्या मावशी स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत तुमच्या मिसेसना भरवत होत्या. मलाही ते तक्रार आल्यावरच कळलं. तक्रार ज्याची, त्याने मागे घेतली तर बघू.
एवढं बोलून माझ्याकडे बघत राहिल्या. मी झाडाकडे. तक्रारदार सापडला तर कळवतो, म्हणालो.

१७, सोमवार
हिचं वजन दोन किलो उतरलं. आज सांगायचंच असा निर्धार. आधी मन तयार व्हावं म्हणून हिला एक जुनी कविता म्हणून दाखवली. तिसऱ्या कडव्याला हिने डोळे मिटले. झोपमोड करणं योग्य नव्हतं.

१८, मंगळवार
स्वतः भरवायला बसलो. तीन चमचे सूप तोंडात, दोन उशीवर. हिने माझा हात धरला. म्हणाली, मावशी जाताना सगळं सांगून गेल्या. तक्रारीच्या शेवटी कविता होती म्हणे. आठ दिवस वाट बघतेय, तुम्ही कधी बोलता त्याची.
म्हणालो, चौकशीत तसंच निष्पन्न होतंय.
ही हसेल असं वाटलं होतं. तोंड पुसलं आणि म्हणाली, ते मला नका सांगू. ऑफिसात जा.
गेलो. सही केली. पुढचा तास वरच्या मजल्यावरच्या जिन्यात काढला. मावशी शेवटी भेटल्या. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, काका, बाजूला व्हा, गरम पाणी आहे.

२०, गुरुवार, दुपार
मावशी परत आल्या. ही जेवली म्हणे, पोटभर. ‘म्हणे’ अशासाठी, की मी पाहिलेलं नाही. त्या असतात तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसा, असं हिने सांगितलंय. कवितांची वही आणली होती, तीही पिशवीतच आहे. दार लावून घेतलंय. आत दोघी बोलताहेत. इथल्या बाकड्यावर काही ऐकू येत नाही.