बर्फात अंथरलेल्या गोण्या

बुधवार, सायंकाळ. प्रवासाचा चौथा दिवस. वायोमिंग.

ट्रॉयहून फ्रीमाँटला घर हलवताना चिरंजीव म्हणाले होते, "बाबा, तुम्ही विमानाने या. रस्ता तुम्हाला झेपणार नाही." मी हट्टाने गाडीतूनच निघालो, पण ते वाक्य चार दिवस सलत होते.

आज घाटात गाडी बर्फात रुतली. नात थंडीने कुडकुडत होती आणि मदत यावयास चार तास होते. चिरंजीव नुसती रेस देत होते. चाक अधिकच खोल! मी बत्तीस वर्षे मालमोटार चालविली आहे. मला पाहवेना. बासमतीच्या दोन जुन्या गोण्यांत बांधलेली भांडी उपसली आणि गोण्या चाकांपुढे अंथरल्या.

"बाबा, पाय भिजले तुमचे!" सूनबाई ओरडल्या.

"भिजू देत. अरे, रेस सोड! नवरी उंबरठा ओलांडते तशी हळू काढ."

गाडी निघाली. नात टाळ्या पिटत म्हणाली, "आजोबा, यू डिड इट!"

झेपणार नाही म्हणे!

गोण्या आता मोटेलच्या हीटरजवळ वाळत आहेत. आत्ताच चिरंजीव विचारून गेले, "बाबा, उद्याही घाट आहे. पुढे माझ्याशेजारी बसाल?"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. वास्तविक विचार कसला करावयाचा होता?